बिननावाचा दिनार

शारजात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. जुलैतला सुट्टीचा शुक्रवार, बाहेर 45 अंश, आणि दुपारभर थंडाव्यात काढायच्या जागा दोनच, मॉल नाहीतर संग्रहालय. मॉलमध्ये पाकीट हलकं होतं, म्हणून मी संग्रहालयाकडे वळायचो. एकदा आमच्या ऑफिसातले इजिप्शियन अकाउंटंट सोबत आले. साठीला टेकलेले, गोलमटोल. सगळे त्यांना 'उस्ताद' म्हणायचे आणि ते साइटवरच्या प्रत्येकाला 'बाशमुहंदिस', म्हणजे मोठे इंजिनिअर. माझ्यासारख्या मोजमापं घेणाऱ्यालाही तीच पदवी.

नाण्यांच्या दालनात एका काचेसमोर ते थांबले आणि चष्मा कपाळावर चढवला. आत एक दिनार होता. आपल्या हल्लीच्या रुपयाएवढा, पातळ, वजन सव्वाचार ग्रॅम, म्हणजे अर्धा तोळासुद्धा नाही. सोनं मात्र काल घडवल्यासारखं. दोन्ही अंगांना अक्षरंच अक्षरं, कूफी वळणाची, ताठ. त्या काळी नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, फारसे देत नसत, त्यामुळे 'ब', 'त', 'न' सगळे सारखेच दिसतात. उस्ताद काचेवरून बोट फिरवत अंदाजाने वाचू लागले. मधे तीन ओळी : अल्लाहशिवाय ईश्वर नाही, तो एकटा आहे, त्याला भागीदार नाही. कडेने गोल : मुहम्मद अल्लाहचे प्रेषित. मागची बाजू शेजारच्या फोटोत होती. तिथे, अल्लाह एक आहे, त्याने कुणाला जन्म दिला नाही आणि त्यालाही कुणी जन्म दिला नाही. आणि कडेला, अल्लाहच्या नावाने हा दिनार एक्क्याऐंशी साली पाडला. हिजरी 81, म्हणजे इसवी सन 700 च्या सुमाराचा.

"आता सांग, कुणी पाडला?" उस्तादांनी विचारलं.

मी परत पाहिलं. राजाचा चेहरा नाही, हे तर दिसतच होतं. पण नावही नव्हतं. टांकसाळीचंसुद्धा नाही.

मला हे विचित्र वाटलं. नाणं पाडतात ते नाव पाडण्यासाठीच, अशी माझी समजूत. शिवराईवर एका अंगाला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या अंगाला 'छत्रपति' असतं. तांब्याच्या त्या चकतीचं सगळं म्हणणं तेवढंच. मुसलमानी राज्यांतही पुढे हाच रिवाज पडला. शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनात, ज्याचं नाव वाचलं जातं आणि नाण्यावर ज्याचं नाव असतं, तो राजा. मग इराणपासून आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत ज्याचा अंमल चालत होता, त्या खलीफाने सोन्यावर स्वतःचं नाव का घातलं नाही?

त्या प्रश्नाने माझे बरेच शुक्रवार खाल्ले. कारण 'त्यांच्यात धर्म आणि राज्य पहिल्यापासून एकच' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, कधी कौतुकाने, बहुतेक वेळा नाक मुरडून. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते अजूनही आठवड्यातून एकदा येतं. वाक्य सोपं आहे. वाचत गेलो तसं लक्षात आलं की पहिली दोनशे वर्षं याच वाक्यावरून मारामारी चालली होती.

मदिनेत प्रेषित हयात होते तोवर प्रश्न नव्हता. नमाजात पुढे उभं राहणं, भांडणांचा निवाडा, लढाईची आखणी, टोळ्यांशी करार, सगळं एका माणसाकडे. 632 मध्ये ते गेले. दफन व्हायच्या आतच बनू साइदा कुळाच्या सकीफात, म्हणजे छप्पर घातलेल्या बैठकीच्या जागेत, पुढारी कोण यावर खल झाला आणि अबू बक्र निवडले गेले. पण निवडलं कशासाठी? ईश्वरी संदेश येणं तर आता थांबलं होतं. 'खलीफा' या शब्दाचा अर्थ मागाहून जागेवर आलेला. कुणाच्या जागेवर, हा खरा पेच. 'खलीफतु रसूलिल्लाह' म्हटलं तर प्रेषितांचा वारस, 'खलीफतुल्लाह' म्हटलं तर थेट ईश्वराचा नायब. अरबीत एका शब्दाचा फरक, पण पहिला माणूस लोकांना जाब देतो आणि दुसऱ्याला जाब विचारणारा पृथ्वीवर कुणी उरत नाही. दुसरे खलीफा उमर यांनी 'अमीरुल मोमिनीन' ही पदवी रूढ केली, श्रद्धावंतांचा सेनापती, आणि हा पेच थोडा टळला. तिसरे खलीफा उस्मान यांच्या घराला बंडखोरांनी वेढा घालून गादी सोडायला सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, जो अंगरखा अल्लाहने मला घातला तो मी उतरवणार नाही. 656 मध्ये त्यांना घरातच मारलं.

पुढच्याच वर्षीचं सिफ्फीन मला फार महत्त्वाचं वाटतं. युफ्रेटिसच्या काठी चौथे खलीफा, प्रेषितांचे जावई अली आणि सीरियाचे सुभेदार मुआविया यांची सैन्यं भिडली. लढाई अलींच्या बाजूला झुकतेय असं दिसताच मुआवियांच्या सैनिकांनी भाल्यांच्या टोकांना कुराणाची पानं बांधून वर धरली, 'ग्रंथालाच निवाडा करू दे'. अलींचे लोक थबकले, लवाद नेमायचं ठरलं. मग त्यांच्यातलेच काही फुटले. 'निवाडा फक्त अल्लाहचा' ही त्यांची घोषणा. हेच पुढे खारिजी म्हणून ओळखले गेले. अलींनी त्यांना दिलेली दोन उत्तरं इतिहासकारांनी टिपून ठेवली आहेत. एक, शब्द खरे आहेत पण त्यामागचा हेतू खोटा. दुसरं मला जास्त भिडतं : कुराण म्हणजे दोन पुठ्ठ्यांमध्ये लिहिलेल्या ओळी, ते स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने माणसंच बोलतात.

मग त्याच्या वतीने बोलायचं कुणी? अलींना 661 मध्ये कूफ्याच्या मशिदीत एका खारिज्याने जखमी केलं, त्यात ते गेले. मुआवियांनी राजधानी दमास्कसला नेली आणि गादी मुलाला दिली. 680 मध्ये करबला घडलं, अलींचे पुत्र हुसेन मारले गेले. ती कहाणी मी इथे सांगत नाही. आमच्या गावी मोहरमला पंजे बसतात, त्यात काही मान हिंदू घरांचेही आहेत, आणि हुसेन कोण होते हे तिथल्या पोराबाळांनाही ठाऊक असतं. शिया पंथाने आपल्यापुरतं उत्तर ठरवलं. ग्रंथाचा अर्थ सांगण्याचा अधिकार अलींच्या वंशातल्या इमामाचा, मग त्याच्या हाती राज्य असो वा नसो.

बाकीच्यांसाठी गादीवर होता अब्दुल मलिक, 685 पासून 705 पर्यंत. पहिली काही वर्षं त्याची स्थिती नाजूक होती. मक्केत इब्न झुबैर यांनी वेगळी खिलाफत मांडली होती, ती 692 मध्ये संपली. त्याच सुमाराला अब्दुल मलिकने जेरुसलेममध्ये सोनेरी घुमटाची वास्तू उभारली, डोम ऑफ द रॉक. तोवर अरबांच्या राज्यात बायझंटाइन सम्राटांच्या नाण्यांच्या नकला चालत. क्रॉसची आडवी दांडी काढून टाकायची आणि उरलेला खांब पायऱ्यांवर तसाच ठेवायचा, इतकी साधी कारागिरी. मग 693 नंतर त्याने स्वतःची आकृती आणली. उभा खलीफा, लांब केस, दाढी, हात तलवारीच्या मुठीवर. त्या वर्षांतल्या काही चांदीच्या आणि तांब्याच्या नाण्यांवर चक्क 'खलीफतुल्लाह' लिहिलेलं सापडतं. ईश्वराचा नायब, तलवारीसकट.

हे तीनचार वर्षं चाललं. हिजरी 77 मध्ये, म्हणजे 696-97 साली, आकृती गेली, खांब गेला, नावही गेलं. उरली ती उस्तादांनी वाचलेली अक्षरं.

असं का केलं यावर विद्वानांचे वाद आहेत. बायझंटाइन दरबाराशी चढाओढ, धार्मिक लोकांचा चित्रांना विरोध, वेगवेगळ्या प्रांतांत एकच चलन करण्याची सोय. असेल सगळंच. माझा आपला हिशेब असा की अब्दुल मलिकला वाटलं, ग्रंथाचे शब्द सोन्यावर छापले की ग्रंथ आपला झाला. नाव लिहायची गरजच काय, छापणारा कोण हे सगळ्यांना ठाऊकच आहे. त्यात त्याची एक चूक झाली. चेहरा एकाचाच असतो, अक्षरं मात्र ज्याला वाचता येतात त्याची.

आणि वाचणारे वाढत होते. मदिना, कूफा, बसरा, पुढे बगदाद. मशिदीच्या खांबाला टेकून बसलेली माणसं, भोवती विद्यार्थी. प्रेषित अमुक प्रसंगी काय म्हणाले, हे कुणी कुणाकडून ऐकलं, त्या ऐकणाऱ्याचा भरवसा किती, याच्या साखळ्या ते पाठ करत. यातले बहुतेक कुणाचे पगारी नोकर नव्हते. कूफ्याचे अबू हनीफा रेशमी कापडाचे व्यापारी होते. काझीचं पद त्यांनी नाकारलं, अब्दुल मलिकच्या घराण्याला हटवून आलेल्या अब्बासी घराण्यातल्या खलीफा मन्सूरने त्यांना तुरुंगात टाकलं आणि 767 मध्ये ते तिथेच वारले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

या मन्सूरच्या काळात एका माणसाने धोका आधीच ओळखला होता. इब्न अल-मुकफ्फा. आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक अरबीत कलीला आणि दिमना होऊन आले ते याच्याच लेखणीतून. हा इराणी वळणाचा कारकून, राज्य कसं चालतं हे आतून पाहिलेला. त्याने खलीफासाठी एक टिपण लिहिलं. कूफ्यात ज्याला एक शिक्षा होते त्यालाच बसऱ्यात दुसरी होते, तेव्हा सगळे निवाडे मागवून घ्या, आपल्या अधिकारात एक पक्का कायदा ठरवा आणि सगळीकडे धाडून द्या. थोडक्यात, धर्मकायदा दरबाराच्या हाती घ्या. त्यातलं काही झालं नाही आणि तो स्वतः थोड्याच दिवसांत बसऱ्याच्या सुभेदाराच्या हातून मारला गेला. हातपाय तोडून तन्नूरमध्ये टाकले म्हणतात. तन्नूर म्हणजे आपला तंदूरच. मदिनेच्या मालिक इब्न अनस यांचीही एक गोष्ट सांगतात. तुमचा ग्रंथ सगळ्या प्रांतांवर कायदा म्हणून लागू करतो, असं खलीफा म्हणाला. मालिक नको म्हणाले. प्रेषितांचे सोबती गावोगाव पांगले, प्रत्येकाने आपल्याबरोबर थोडं ज्ञान नेलं, ते आता एकाच्या हुकमाखाली कशाला आणायचं?

खलीफाला खरोखर हे सगळं आपल्या मुठीत हवं होतं ते मामूनच्या वेळी, 813 नंतर. आपल्याकडे मामून म्हटलं की ग्रीक ग्रंथांची भाषांतरं, अल-ख्वारिझ्मी, भारतीय अंक, असं छान चित्र डोळ्यांपुढे येतं. ते खोटं नाही. पण याच मामूनने जेरुसलेमच्या घुमटातला लेख दुरुस्त करवला. सोनेरी मोझेकमधलं अब्दुल मलिकचं नाव खरवडून तिथे दाटीवाटीने 'मामून' बसवलं. साल बदलायचं मात्र राहून गेलं. हिजरी 72 तसंच आहे आणि त्यापुढे 72 साली जन्मलेलासुद्धा नव्हता त्याचं नाव. उस्तादांना मी हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "ऑडिटमध्ये पकडला असता मी त्याला."

833 च्या वसंतात मामून बायझंटाइन मोहिमेवर होता. तिथून त्याने बगदादच्या अंमलदाराला, इसहाक इब्न इब्राहीमला, पत्र धाडलं. काझींना आणि हदीस, म्हणजे प्रेषितांची वचनं, सांगणाऱ्यांना बोलावून एकच प्रश्न विचार : कुराण निर्माण झालेलं आहे की नाही? वेद अपौरुषेय आणि नित्य आहेत का, यावर मीमांसकांनी डोकी फोडली ते ज्याला माहीत आहे त्याला हा प्रश्न परका वाटू नये. मामूनला पटलेल्या, तर्कावर भर देणाऱ्या मुअ्तझिली पंथाचं म्हणणं असं की ईश्वर तेवढा अनादि. त्याच्या शेजारी कुराणही अनादि मानलं तर दोन अनादि झाले, मग एकेश्वरवाद कुठे राहिला? तर्क पक्का आहे. मामूनचं पत्र वाचताना मला मात्र त्याचा सूर खटकतो. सामान्य जनता अज्ञानी, तिला दिशा दाखवणं खलीफाचं काम, आणि हे हदीसवाले तिला बिघडवतायत. प्रश्न कुराणाचा होता, पण तो विचारायचा हक्क कुणाचा हे मामूनला ठरवून घ्यायचं होतं.

या चौकशीला 'मिहना' म्हणतात, पारख. तबरीने आपल्या इतिहासात प्रश्नोत्तरंच उतरवून ठेवली आहेत. ती वाचताना मला सरकारी कचेरीतली साक्ष आठवते. बिश्र इब्न वलीद नावाचे काझी समोर आहेत.

कुराणाबद्दल काय म्हणता?

कुराण अल्लाहचं वचन आहे.

ते विचारलं नाही. निर्मित आहे का?

अल्लाह सर्व वस्तूंचा निर्माता आहे.

कुराण ही वस्तू आहे ना?

आहे, वस्तू आहे.

मग निर्मित?

ते निर्माता नाही.

तेही विचारलं नाही!

आणखी एक जण म्हणाला, अमीरुल मोमिनीन जो हुकूम देतील तो आम्ही ऐकू. त्यावर अंमलदाराचीच पंचाईत, कारण हुकूम द्यायचा नव्हता, मत काढून घ्यायचं होतं. ही उत्तरं मामूनकडे गेली आणि तो भडकला. उलट टपाली पत्रात त्याने एकेकाची लक्तरं काढली. एकाला तर, अनबारमध्ये धान्य चोरायचास ते आठव, असं सुनावलंय. इतका विद्वान खलीफा, आणि शेवटी वादात काय काढलं तर धान्यचोरी.

धमकी तलवारीची होती. बहुतेकांनी मान डोलावली. चौघे उरले. रात्रभर बेड्यांत ठेवल्यावर एक वाकला, पुढच्या रात्रीनंतर दुसरा. दोघांना मामूनसमोर उभं करायला तार्ससकडे धाडलं, त्यातले एक हदीसचे जाणकार अहमद इब्न हंबल. वाटेतच बातमी आली की ऑगस्टमध्ये मामून वारला. परत फिरवलेल्या त्या दोघांतला तरुण मुहम्मद इब्न नूह प्रवासातच गेला. अहमद बगदादच्या तुरुंगात आले. 28 महिने, असं म्हणतात.

नवा खलीफा मुअ्तसिम हा शिपाईगडी. त्याला निर्मित आणि अनिर्मितात रस नव्हता. त्याच्या बाजूला काझी इब्न अबी दुआद होता, त्याला होता. तीन दिवस वाद चालला. अहमद तर्काच्या मैदानात उतरायलाच तयार नव्हते. दर वेळी एकच बोलत : अल्लाहच्या ग्रंथातलं किंवा प्रेषितांच्या सुन्नतमधलं, म्हणजे त्यांच्या वागण्याबोलण्यातलं, काही मला दाखवा, मग मी तसं म्हणेन. शेवटी दोन खांबांमध्ये उभं करून फटके मारले. एका फटकेवाल्याने दोन फटके मारायचे, मागे सरायचं, मग दुसऱ्याने पुढे यायचं, म्हणजे जोर कमी पडायला नको. अहमद शुद्ध हरपून पडले. त्यांचे अनुयायी, हंबली मंडळी, म्हणतात, शेवटपर्यंत वाकले नाहीत. त्या काळचा लेखक जाहिझ, तो मुअ्तझिली, म्हणतो की कबूल केलं. काहीही असो, बाहेर जमलेली गर्दी पाहून त्यांना घरी सोडलं, आणि बगदादने आपला निकाल दिला.

मी वाचताना तिथे थांबलो ते वेगळ्याच कारणाने. मुअ्तसिमच्या खजिन्यातल्या दिनारांवर काय होतं? तीच अक्षरं. एव्हाना नाण्यांवर नावं परत यायला लागली होती, पण मधे तेच, अल्लाहशिवाय ईश्वर नाही, त्याला भागीदार नाही. आणि बेड्यांतला माणूस खलीफाला म्हणतो, ग्रंथातलं दाखव. अब्दुल मलिकने सोन्यावर छापलं होतं तेच तो मागत होता.

गंमत अशी की हा माणूस बंडखोर मुळीच नव्हता. पुढच्या खलीफाच्या, वासिकच्या, काळात बगदादचे काही पंडित त्यांच्याकडे आले, आता हे सहन होत नाही म्हणाले. अहमद म्हणाले, मनातून नाकारा, पण मुसलमानांत रक्तपात करू नका. राज्य खलीफाचं, कर खलीफाचा, हुकूम खलीफाचा. फक्त धर्मात खरं काय ते सांगणं त्याचं काम नाही. धर्म आणि राज्य फुटलं ते इथे. कुणी जाहीरनामा काढला नाही, परिषद भरली नाही. 847 नंतर मुतवक्किलने हळूहळू मिहना गुंडाळली आणि कुराणावर वादच नको असं फर्मावलं. त्यानंतर असा प्रयत्न कुणा खलीफाने इतक्या हट्टाने केला नाही. शंभर वर्षांनी, 945 मध्ये, इराणी बूयी सरदार बगदादेत शिरले आणि खलीफाकडचं राज्यही गेलं. उरलं नाव. ते नाव पुढे इतकं पातळ झालं की देवगिरीचं दौलताबाद करून राजधानी तिथे हलवणारा मुहम्मद तुघलक 1340 नंतर कैरोतल्या ज्या खलीफाच्या नावाने नाणी पाडत होता, तो खलीफा आधीच वारला होता.

मिहना संपल्यावर मुतवक्किलला अहमद हवे झाले. त्याने त्यांना सामर्राला, तेव्हाच्या राजधानीत, बोलावून घेतलं, घर दिलं, रोज भटारखान्यातून ताटं धाडली. मुलगा सालेह याने आठवणी लिहिल्या आहेत, त्यात म्हातारबुवा काय खातात याचीच चिंता आहे. ते त्या ताटांना शिवले नाहीत. सातूचं पीठ पाण्यात कालवून घेत आणि बरेचसे उपासच करत. शेवटी त्यांना बगदादला परत जाऊ दिलं. घर चालायचं ते वडिलार्जित लहानशा मालमत्तेच्या भाड्यावर. मुलांनी मात्र खलीफाची तनखा घेतली. पोरंबाळं होती, घ्यावी लागली. अहमद त्यांच्याशी बोलेनासे झाले.

चरित्रकार सांगतात, एकदा घरात तीन दिवस काही नव्हतं. कुणाकडून तरी उसनं पीठ आणलं आणि घरच्यांनी पटकन रोट्या भाजून पुढे ठेवल्या. एवढ्या लवकर कशा झाल्या, अहमदनी विचारलं. सालेहचा तन्नूर तापलेला होता, त्यात लावल्या. घेऊन जा म्हणाले. आणि दोन घरांमधलं दार बुजवून घेतलं.

855 मध्ये ते गेले. सालेह पुढे इस्फहानचा काझी झाला. नेमणुकीच्या पोशाखात, अब्बासी दरबाराच्या काळ्या कपड्यांत, तो तिथे पोचला तेव्हा रडू लागला. लोकांनी विचारलं तर म्हणाला, वडिलांनी मला असं पाहिलं असतं तर. पण कर्ज फार झालंय आणि घरात खाणारी तोंडं पुष्कळ.